पीएफचं चलन उशिरा गेलं तर : आयकरात कोणता हिस्सा वाचतो, कोणता कायमचा जातो

चाळीस कामगारांचा कारखाना धरा. प्रत्येकाचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये. मार्चचा पीएफ १५ एप्रिलला जायला हवा होता, तो गेला २२ एप्रिलला. या सात दिवसांचं पीएफ कार्यालयाचं व्याज होतं साधारण ३४५ रुपये. आयकरात मात्र त्याच सात दिवसांपायी २२,४६४ रुपये जातात आणि पुढच्या कुठल्याही वर्षी ते परत येत नाहीत. पहिला आकडा बहुतेक मालकांना माहीत असतो. दुसरा कळतो तो बेंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे आयकर खात्याच्या रिटर्न तपासणाऱ्या केंद्राकडून, सूचना आल्यावर.

हा लेख त्या दुसऱ्या आकड्याबद्दल आहे. इथली कलमं आयकर अधिनियम, १९६१ ची आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला, आणि त्याआधीच्या वर्षांचे जे वाद अजून चालू आहेत त्यांना, हाच कायदा लागतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर अधिनियम, २०२५ लागू आहे. त्यात हाच विषय कलम २९ आणि कलम ३७ मध्ये आहे, आणि तिथली मुदत त्या कलमांच्या वित्त अधिनियमाने सुधारलेल्या मजकुरातूनच वाचायची. जुन्या कायद्याच्या तारखा तिथे डोळे झाकून लावू नयेत.

पहिलं काम : चलनाची फोड

पीएफ पोर्टलवर ईसीआर (कामगारनिहाय हिश्श्यांचं मासिक विवरण) अपलोड केला की एकच चलन तयार होतं आणि एकच रक्कम बँकेतून जाते. मालकाच्या डोक्यातही ती एकच रक्कम असते : ‘पीएफचे दीड लाख’. घोळ इथूनच सुरू होतो, कारण आयकराच्या नजरेत त्या दीड लाखात दोन वेगळ्या मालकीचे पैसे आहेत.

वरच्या उदाहरणात प्रत्येक कामगाराच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. चाळीस जणांचे ७२,०००. हा कामगाराचा हिस्सा, आणि तो सगळा त्याच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जातो. मालक स्वतःच्या खिशातून तेवढेच १२ टक्के घालतो, पण त्याची पुढे फोड होते. ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० रुपये पीएफच्या खात्यात. मालकाचा एकूण हिस्सा पुन्हा ७२,०००. त्यावर ठेवीशी जोडलेल्या विम्याचे अर्धा टक्का, ३,००० रुपये, आणि प्रशासकीय शुल्क अर्धा टक्का, ३,००० रुपये. सगळं मिळून १,५०,०००.

कामगाराचं पेन्शन मालकाच्या हिश्श्यातून उभं राहतं, त्याच्या स्वतःच्या कपातीतून नाही. त्यामुळे ‘पेन्शनचे पैसे उशिरा गेले’ असं कोणी म्हणालं तर ते मालकाच्या हिश्श्याबद्दल आहे, आणि आयकरात त्या हिश्श्याला बरीच सवलत आहे. सवलत नाही ती कामगाराकडून कापलेल्या ७२,००० ला.

म्हणून लेजरमध्ये ‘पीएफ देय’ असं एकच खातं ठेवू नका. ‘कामगार हिस्सा देय’ आणि ‘मालक हिस्सा देय’ अशी दोन खाती पाडा. टॅलीत हे पाच मिनिटांचं काम आहे. वर्षाअखेरीस सीए विचारतील तेव्हा बारा चलनं उघडून बसावं लागणार नाही.

कामगाराचा हिस्सा : तारीख चुकली की संपलं

कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम कलम २(२४)(एक्स) नुसार आधी मालकाचं उत्पन्न धरली जाते. वाचायला विचित्र वाटतं, पण कायद्याची मांडणी तशी आहे : दुसऱ्याचा पैसा तुमच्या हातात आला, तो तुमचं उत्पन्न. मग कलम ३६(१)(व्हीए) म्हणतं की तो पैसा देय तारखेला किंवा त्याआधी कामगाराच्या खात्यात जमा केलात, तर तेवढी वजावट घ्या. ही देय तारीख त्या त्या फंडाच्या कायद्यात दिलेली तारीख आहे, आयकर रिटर्नची नाही. पीएफसाठी योजनेच्या परिच्छेद ३८ प्रमाणे महिना संपल्यापासून १५ दिवस.

तारीख चुकली की उत्पन्न तसंच राहतं आणि वजावट जाते. उशीर एका दिवसाचा असो की सहा महिन्यांचा, आयकराचा परिणाम एकच. पुढच्या वर्षी भरल्यावर वजावट मिळेल, असंही नाही. ती कायमची गेली.

आपल्या उदाहरणात ७२,००० उत्पन्नात मिळवले. भागीदारी फर्म असेल तर ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्क्यांनी २२,४६४ रुपये. २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर अधिभारासह २५.१६८ टक्क्यांनी १८,१२१ रुपये. बाराही महिने असेच सात-आठ दिवस उशिरा गेले तर ८,६४,००० रुपये उत्पन्नात येतात आणि फर्मचा कर २,६९,५६८ होतो, वर आगाऊ कर कमी पडल्याचं व्याज. धंदा तोट्यात असेल तर लगेच कर लागत नाही, पण पुढे ओढायचा तोटा तेवढ्याने घटतो.

दुसऱ्या बाजूने हिशेब करून बघा. दीड लाख रुपये कॅश क्रेडिटमधून १२ टक्क्यांनी पंधरा दिवस उचलले तर व्याज होतं सुमारे ७४० रुपये. ‘पार्टीचं पेमेंट अडकलंय, आठ दिवसांनी भरू’ हे वाक्य दर महिन्याला हजारो ऑफिसांत बोललं जातं. ७४० वाचवायला २२ हजार घालवणारा हा व्यवहार आहे, हे समोर मांडल्यावर कोणताही व्यापारी माणूस तो करणार नाही. अडचण अशी की हा हिशेब त्याच्यासमोर कोणी मांडतच नाही, कारण चलन भरणारा वेगळा आणि रिटर्न भरणारा वेगळा.

मालकाचा हिस्सा : रिटर्नच्या तारखेपर्यंत उसंत

मालकाच्या हिश्श्याची वजावट कलम ३६(१)(आयव्ही) खाली, आणि तिच्यावर बंधन कलम ४३बी चं. हे बंधन सोपं आहे : नुसती तरतूद करून वजावट मिळत नाही, पैसे प्रत्यक्ष भरले पाहिजेत. पण त्याच कलमाच्या परंतुकाने, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादाने, सूट दिली आहे. ज्या वर्षाचं देणं आहे त्या वर्षाच्या रिटर्नच्या कलम १३९(१) मधल्या देय तारखेपर्यंत पैसे भरले, तर वजावट त्याच वर्षी मिळते.

मार्च २०२५ चा मालकाचा हिस्सा घेऊ. ऑडिट लागणाऱ्या धंद्यांसाठी त्या वर्षाच्या रिटर्नची मूळ तारीख ३१ ऑक्टोबर २०२५ होती, ती केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १० डिसेंबरपर्यंत वाढवली. हा हिस्सा २२ एप्रिलला भरला असो, ऑगस्टमध्ये की नोव्हेंबरच्या शेवटी, वजावट २०२४-२५ मध्येच. जानेवारी २०२६ मध्ये भरला असेल तर २०२४-२५ ला वजावट नाही, ती २०२५-२६ ला मिळेल. म्हणजे इथे फार तर वजावट एक वर्ष पुढे ढकलली जाते, बुडत नाही.

दोन बारकावे नेहमी अडवतात. पहिला : बघायची ती रिटर्नची देय तारीख, रिटर्न खरोखर कधी भरलं ती नाही. पैसे वेळेत गेले आणि रिटर्न उशिरा भरलं, तरी या कलमापुरती वजावट शाबूत असते. दुसरा उलटा : रिटर्न ऑगस्टमध्येच भरून टाकलं, मालकाचा हिस्सा तेव्हा बाकी होता म्हणून उत्पन्नात मिळवला, आणि पैसे ऑक्टोबरमध्ये, पण देय तारखेच्या आत भरले. मग सुधारित रिटर्न भरून वजावट घ्या. ऑडिट अहवाल आधीच अपलोड झाला असेल तर नियम ६जी प्रमाणे अशा नंतरच्या भरण्यासाठी तो सुधारता येतो. हे न केल्यामुळे हक्काची वजावट सोडून देणारे लोक आहेत.

‘रिटर्नच्या आधी भरलं की झालं’ हा सल्ला आला कुठून

जुन्या अकाउंटंटना दोष देण्याआधी इतिहास बघावा, कारण कामगाराच्या हिश्श्यालाही हा सल्ला एके काळी बरोबर होता, महाराष्ट्रात तर फारच.

कामगाराच्या हिश्श्याला उत्पन्न म्हणणारी आणि वेळेत भरल्यासच वजावट देणारी तरतूद १९८७ च्या वित्त अधिनियमाने आणली, १ एप्रिल १९८८ पासून. तेव्हा ४३बी मध्येही एक दुसरं परंतुक होतं, ज्याने मालकाच्या हिश्श्यालाही फंडाच्या कायद्यातली तारीखच लावली होती. ते परंतुक २००३ च्या वित्त अधिनियमाने काढून टाकलं. ही दुरुस्ती पूर्वलक्षी आहे, म्हणजे १९८८ पासूनच लागू धरायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अॅलॉम एक्स्ट्रूजन्सच्या निकालात सांगितलं. तो निकाल मालकाच्या हिश्श्याबद्दल होता. पण त्याच्या आधारे कामगाराच्या हिश्श्यालाही ४३बी ची सूट द्या, असा युक्तिवाद देशभर सुरू झाला.

उच्च न्यायालयांत दोन तट पडले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कोल्हापूरच्या घाटगे पाटील ट्रान्सपोर्ट्सच्या प्रकरणात करदात्याच्या बाजूने कौल दिला : दोन्ही हिस्से ४३बी खाली येतात, रिटर्नच्या तारखेआधी भरलं की पुरे. गुजरात उच्च न्यायालयाने त्याआधी, डिसेंबर २०१३ मध्ये, राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात नेमकं उलट सांगितलं होतं. वापीतल्या कारखान्याला एक नियम आणि पालघरमधल्या कारखान्याला दुसरा, अशी अवस्था कित्येक वर्षं होती. आपल्याकडच्या सीए मंडळींनी मुंबईच्या निकालावर विसंबून रिटर्न भरले, आणि ते योग्यच होतं.

२०२१ च्या वित्त अधिनियमाने कलम ३६(१)(व्हीए) आणि ४३बी दोन्हीकडे स्पष्टीकरणं घालून सांगितलं की कामगाराच्या हिश्श्याला ४३बी कधीच लागत नव्हतं. त्यानंतर १२ ऑक्टोबर २०२२ ला चेकमेट सर्व्हिसेसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीश उदय लळित, न्या. रवींद्र भट आणि न्या. सुधांशू धुलिया यांच्या पीठाने वाद संपवला. मालकाचा हिस्सा ही मालकाची स्वतःची जबाबदारी आहे. कामगाराचा हिस्सा हा कामगाराच्या मिळकतीतून कापून विश्वासाने ठेवलेला पैसा आहे. म्हणून दोघांना एकच मुदत लावता येत नाही.

निकालाशी वाद घालणारे अजून भेटतात. माझं मत विचाराल तर कामगाराच्या हिश्श्याबाबत न्यायालयाचा तर्क पटतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ चं स्पष्टीकरणही कापलेली पीएफची रक्कम मालकाकडे सोपवलेली मालमत्ता मानतं, ती न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. पण एका दिवसाच्या उशिरालाही वजावट कायमची काढून घेणं मात्र जाच वाटतो. चुकीच्या मानाने शिक्षा फार मोठी आहे.

निकालाचा एक परिणाम लक्षात ठेवा : त्याने कायद्याचा अर्थ सांगितला असल्यामुळे तो २०२१ च्या आधीच्या, अजून अपिलात असलेल्या वर्षांनाही लागतो. घाटगे पाटीलच्या निकालावर उभं असलेलं जुनं अपील आज टिकत नाही.

१५ तारीख म्हणजे नेमकी कोणती

खरी भांडणं आता या प्रश्नावर होतात.

पूर्वी १५ नंतर पाच दिवसांची सवलत असायची. अनेक ऑफिसांत ‘पीएफ २० पर्यंत चालतो’ हे वाक्य अजून फिरतं. ती सवलत पीएफ संघटनेने २०१६ च्या सुरुवातीलाच बंद केली. ऑडिटच्या जुन्या एक्सेल फाइलमध्ये देय तारखेच्या रकान्यात २० राहिली असेल तर आजच बदला.

१५ तारखेला रविवार किंवा सुट्टी आली तर? जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम १० चा आधार घेऊन दुसऱ्या कामाच्या दिवशी भरलेलं वेळेत धरावं, असं आयकर अपील न्यायाधिकरणाच्या काही पीठांनी मान्य केलं आहे. हा मुद्दा अपिलात कामाचा आहे. पण पोर्टल आणि नेटबँकिंग रविवारीही चालू असतात, असं अधिकारी म्हणणारच. १५ ऑगस्टचं उदाहरण तर दर वर्षी येतं : जुलैच्या पगाराचा पीएफ भरायचा शेवटचा दिवस म्हणजे स्वातंत्र्यदिन. तो १३ लाच भरा.

बँकेतून पैसे १५ ला गेले आणि पीएफकडे १६ ला दिसले, असं झालं तर पुरावा तुमच्याकडे हवा. बँकेच्या स्टेटमेंटमधली डेबिटची तारीख, चलनाचा टीआरआरएन (पोर्टलने दिलेला संदर्भ) क्रमांक आणि पेमेंटची पावती एकत्र ठेवा. सर्व्हर बंद असेल तर त्या क्षणाचा स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असा. नंतर ‘साइट चालत नव्हती’ एवढं तोंडी म्हणून भागत नाही.

उशिराचं एक खरंखुरं कारण आधारचं आहे. सप्टेंबर २०२१ पासून ज्या कामगाराचा युएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, आधारशी जोडलेला नाही त्याचं नाव ईसीआरमध्ये घेता येत नाही. ऑगस्ट २०२५ पासून नवा युएएन उमंग अॅपवर चेहरा दाखवून काढायचा आहे. चाकण किंवा भोसरीच्या वर्कशॉपला बिहार-ओडिशातून आलेला पोरगा, आधारवर जन्मतारीख एक आणि जुन्या कंपनीच्या नोंदीत दुसरी. त्याच्यापायी सगळ्यांचं चलन अडवून ठेवणं हा सर्वात महागडा निर्णय. ज्यांचं जुळलंय त्यांचा ईसीआर वेळेत भरून टाका, अडकलेल्याचा नंतर वेगळा भरा, आणि त्याच्या दुरुस्तीच्या अर्जाची तारखेसह नोंद ठेवा. मग नुकसान १,८०० रुपयांच्या वजावटीचं, ७२,००० च्या नव्हे. त्याहून बरं म्हणजे कामावर घेतानाच, पहिल्या दिवशी, युएएन तपासायचा.

पगारच उशिरा झाला असेल तर १५ दिवस कधीपासून मोजायचे? मार्चचा पगार २० एप्रिलला दिला, तर देय तारीख १५ एप्रिल की १५ मे? कपात पगार देतानाच होते, म्हणून पगार दिलेल्या महिन्यापासून मोजावं, असं काही पीठांनी मानलं. इतरांनी वेतनाचा महिनाच धरला. या मुद्द्यावर भिस्त ठेवून उशीर करू नये. उशीर होऊन गेला असेल तर मात्र पगार प्रत्यक्ष कधी दिला याचे बँक-पुरावे जपून ठेवा, अपिलात हा मुद्दा मांडता येतो.

करोना काळाच्या प्रकरणांत एक फरक लोक विसरतात. मार्च २०२० च्या वेतनाचा पीएफ भरायची मुदत १५ एप्रिलवरून १५ मेपर्यंत वाढवली होती, म्हणजे देय तारीखच बदलली. नंतरच्या टाळेबंदीतल्या महिन्यांसाठी पीएफ संघटनेने उशिराचा दंड लावणार नाही असं सांगितलं. दंड माफ झाला म्हणून देय तारीख पुढे जात नाही.

पीएफ सोडून बाकीचे

कलम ३६(१)(व्हीए) फक्त पीएफपुरतं नाही. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विम्यात, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. भरायची मुदत पूर्वी २१ दिवसांची होती, २०१७ पासून तीही १५ तारीख. इथेही कामगाराचा हिस्सा वेळेतच जायला हवा.

महाराष्ट्र कामगार कल्याण निधी हमखास नजरेतून सुटतो. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराचे २५ रुपये कापले जातात, मालकाचे ७५ पडतात आणि अनुक्रमे १५ जुलै व १५ जानेवारीपर्यंत भरायचे असतात. रक्कम किरकोळ, पण तोही कामगारांच्या कल्याणाचाच फंड, म्हणून ३सीडी मध्ये, म्हणजे कर ऑडिट अहवालाच्या तपशिलाच्या फॉर्ममध्ये, त्याची ओळ यायला हवी.

ग्रॅच्युइटीत कामगाराचा हिस्सा नसतोच. एलआयसी किंवा दुसऱ्या विमा कंपनीमार्फत चालवलेल्या मंजूर ग्रॅच्युइटी फंडात मालकाने घातलेले पैसे कलम ३६(१)(व्ही) आणि ४३बी खाली, म्हणजे रिटर्नच्या तारखेपर्यंत. फंड मंजूर नसेल आणि पुस्तकात नुसती तरतूद असेल तर कलम ४०ए(७) ती नाकारतं.

मंजूर सुपरअॅन्युएशन फंड, म्हणजे निवृत्तीनंतर पेन्शन देणारा कंपनीचा फंड, ठेवणाऱ्या कंपन्यांनी वेळेबरोबर मर्यादाही बघावी : नियम ८७ प्रमाणे मालकाचं वार्षिक अंशदान, पीएफमधला मालकाचा हिस्सा धरून, पगाराच्या २७ टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. राष्ट्रीय पेन्शन योजनेत (एनपीएस) मालकाच्या अंशदानाची वजावट पगाराच्या १० टक्क्यांपर्यंत होती, ती करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून १४ टक्के झाली. मालकाने स्वतःच काढलेला आणि कायद्यात न बसणारा एखादा कल्याण ट्रस्ट असेल, तर वेळेत भरूनही कलम ४०ए(९) आडवं येतं.

व्याज आणि दंड यांची वजावट

उशिराबद्दल पीएफ कायद्याचं कलम ७क्यू वर्षाला १२ टक्के साधं व्याज लावतं. ते भरपाईच्या स्वरूपाचं म्हणून धंद्याचा खर्च धरायला सहसा अडचण येत नाही. कलम १४बी खाली लागणारी नुकसानभरपाई जून २०२४ च्या अधिसूचनेनंतर थकबाकीच्या दरमहा १ टक्का आहे. त्याआधी उशिराप्रमाणे वार्षिक ५ ते २५ टक्क्यांचे टप्पे होते. ही रक्कम दंड म्हणून नाकारली जाण्याची शक्यता जास्त. नाव काहीही असो, रक्कम दंडाची आहे की भरपाईची हे मूळ कायद्यातून तपासायचं, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या प्रकाश कॉटन मिल्सच्या प्रकरणात १९९३ मध्ये घालून दिला. म्हणून दोन्ही रकमा ‘पीएफ पेनल्टी’ या एकाच खात्यात टाकू नका. एकत्र टाकल्यात तर व्याजही दंडाबरोबर जाईल.

दर महिन्याचा तक्ता

आता प्रत्यक्ष काम. एका शीटमध्ये प्रत्येक महिन्याची एक ओळ : फंडाचं नाव, वेतनाचा महिना, पगार दिल्याची तारीख, कामगाराकडून कापलेली रक्कम, देय तारीख, भरलेली रक्कम, भरल्याची तारीख, टीआरआरएन. ऑडिट अहवालाच्या ३सीडी मधल्या कलम २०(बी) ला यातलीच माहिती लागते. मालकाच्या हिश्श्याची बाकी वेगळ्या रकान्यात, ती कलम २६ मध्ये जाते.

तारीख लिहिताना ईसीआर अपलोड केल्याची किंवा चलन तयार झाल्याची नव्हे, पैसे गेल्याची तारीख लिहायची. याच्या उलटही होतं : पैसे १४ ला गेलेले असतात आणि टायपिस्ट पावती डाउनलोड केल्याची १८ तारीख टाकतो. सीपीसीचा संगणक तेवढंच वाचतो आणि ७२,००० उत्पन्नात मिळवतो. अहवालावर सही करण्याआधी देय तारीख आणि भरल्याची तारीख हे दोन रकाने मालकाने स्वतः एकदा नजरेखालून घालावेत.

पगाराच्या दिवशीच पीएफचं चलन काढायची पद्धत लावा. ७ किंवा १० तारखेला पगार होतो, त्याच बैठकीत, त्याच सहीने चलन भरायचं. हातात दिलेला पगार निव्वळ असतो, म्हणजे कामगाराचे ७२,००० तुमच्या चालू खात्यात तसेच पडलेले असतात. दोन दिवसांत ते कच्च्या मालाच्या बिलात निघून जातात आणि १५ तारखेला शोधाशोध सुरू होते.

ज्या महिन्याचा उशीर झालाच, त्याची रक्कम रिटर्न भरताना स्वतःहून उत्पन्नात मिळवा, आणि आगाऊ कराचा पुढचा हप्ता भरताना धरा. ऑडिट अहवालात उशीर दाखवून उत्पन्नाच्या गणनेत न मिळवणं म्हणजे सूचनेला आमंत्रण.

सीपीसीची सूचना आली तर

कलम १४३(१)(ए) मध्ये अशी सोय आहे की ऑडिट अहवालात नाकारण्याजोगा म्हणून दिसणारा खर्च रिटर्नमध्ये मिळवलेला नसेल, तर संगणकाने तो मिळवावा. त्याआधी प्रस्तावित फेरबदलाची सूचना ई-मेलने आणि पोर्टलवर येते. उत्तराला ३० दिवस असतात. ही मेल बहुतेक वेळा अकाउंटंटच्या जुन्या, कोणी न उघडणाऱ्या पत्त्यावर जाऊन पडते. पोर्टलवरचा ई-मेल आणि मोबाइल आजच तपासा.

सूचना आल्यावर आधी तीन गोष्टी वेगळ्या करा. तारीख अहवालातच चुकीची पडली आहे का? मग बँक-पुराव्यासह असहमती नोंदवा, अहवाल दुरुस्त करण्याबद्दल सीएंशी बोला, आणि तरीही फेरबदल झाला तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करा. मिळवलेल्या रकमेत मालकाचा हिस्सा शिरला आहे का? तसं दिसलं तर ४३बी दाखवून तेवढी रक्कम सोडवून घ्या, हा भाग तुमच्या बाजूचा आहे. उरलेला खराखुरा उशीर असेल आणि सुट्टी, पोर्टल, आधार किंवा पगाराची तारीख यांपैकी काही कारण कागदावर सिद्ध करता येत असेल, तर अंतिम सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे फॉर्म ३५ भरून अपील करता येतं.

‘एवढा वादाचा मुद्दा १४३(१) मध्ये संगणकाने ठरवूच नये’ ही तक्रार अनेकांनी केली. पुण्याच्या न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सेमेटाइल इंडस्ट्रीजच्या प्रकरणात ती फेटाळली : ऑडिट अहवालात उशीर स्पष्ट दिसत असेल तर असा फेरबदल करता येतो. इतर काही पीठांनी वेगळा सूर लावला असला, तरी २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या वर्षांसाठी या एका मुद्द्यावर अपिलाचा खर्च करण्यात फारसा अर्थ दिसत नाही. रक्कम छोटी असेल, पुरावा नसेल, तर कर भरून टाका आणि सीएंच्या फीचे पैसे वाचवा.